पोझिशन एकोणीस

केबलवाला पोरगा, तौसिफ, दुपारी वायर टाकून गेला
गॅलरीच्या जाळीतून, कढीपत्त्याच्या कुंडीला वळसा घालून.
मोडेम टीव्हीखालच्या फळीवर ठेवला,
माझा लॅपटॉप जोडून दाखवला, "चालू झालंय काकू,"
आणि जिना उतरताना दुसऱ्याच कुणाला फोनवर सांगू लागला,
"निघालोच."

राउटर मी आधीच आणून ठेवला होता, पासोड्या विठोबाजवळून,
घासाघीस करून, बाराशेला.
दोन शिंगं. पोटाखाली चिकटवलेली चिठ्ठी.
पाठीला पाच भोकं, चार पिवळी, एक निळं.
निळ्यात मोडेमची वायर, हे कुणी सांगावं लागलं नाही.
सोळा वर्षं मी भोकांतच वायरी खोचल्यात
बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये, ट्रंक बोर्डावर, पोझिशन एकोणीस.
(नंतर बोर्डच गेला. मला बिलांच्या खिडकीवर बसवलं.)

खट् करून बसली. तो आवाज ओळखीचा.
पण दिवा लालच.

तौसिफला फोन लावला. मागे हॉर्न, सिंहगड रोड असणार.
"काकू, मोडेमनं तुमचा लॅपटॉप आधी पाहिलाय.
पहिलं जे पाहतो तेवढंच धरून बसतो तो,
दुसऱ्याला दारात उभं करत नाही.
प्लग काढा. पाच मिनिटं थांबा. विसरेल."

प्लग काढला. घड्याळ पाहिलं नाही.
तीन मिनिटं मला अजून घड्याळाशिवाय कळतात.
"तीन मिनिटं झाली, वाढवायची का?"
हे मी इतक्या लोकांच्या बोलण्यात शिरून म्हटलंय
की बाळंतपणात, भूल उतरताना, नर्सला म्हणे तेच विचारलं.

ऐकलेलं विसरायचं, असा आमचा नियम.
सही घेतली होती तशी.
मी विसरलेही. जवळजवळ सगळं.

शिरवळहून एक माणूस दर शनिवारी नारायण पेठेतला नंबर मागायचा.
इकडून बाई उचलायची. "हं."
तिकडून तो. "हं."
मग दोघं काही बोलत नसत.
लाईन तुटली की काय म्हणून मी कान द्यायचे,
तर लाईन ठणठणीत: हिच्या ताटात तांदूळ सरकतायत,
त्याच्यामागे एसटी रिव्हर्स घेतेय.
तीन मिनिटं झाली म्हटलं की तो म्हणायचा, "वाढवा."
पैसे पडायचे हो त्याचे.

एका शनिवारी मागणी आली नाही. पुढच्याही.
मी तिकीट कोरं समोर ठेवून ड्युटी संपेपर्यंत बसले होते,
हे कुठल्या रजिस्टरात नाही.

पाच झाली. झाली असतील सातही.
मोडेम लावला. एक दिवा, दुसरा, तिसरा लुकलुकत राहिला
पहिल्या दिवशीच्या ट्रेनी पोरीसारखा, मग थांबला.
सगळं विसरून आलेला, बिचारा.
आता त्याला पहिला दिसला तो राउटर. दिवा हिरवा.

नाव द्या म्हणाला. फोनवर शेजारपाजारची नावं रांगेनं उभी:
आगाशे तीनशे चार, स्वतःचं घ्या, चिंटूचे बाबा.
मी पोझिशन एकोणीस लिहिलं.
पासवर्डला तो नारायण पेठेतला नंबर टाकला.
तेव्हा पाचच आकडे असत. कमी पडतात, म्हणाला.
मग पुढे शिरवळ जोडलं. तेवढ्यात भागलं.

स्वयंपाकघरात दोनच कांड्या येतात, मध्ये बीम आहे. चालेल.

तौसिफचा फोन. "झालं का काकू?"
आणि माझ्या तोंडून, वीस-पंचवीस वर्षांनी,
"लाईन दिलीय, बोला."
तो हॉर्नांच्या गर्दीत गप्पच झाला.
मीही फोन ठेवला नाही.