लवंग शेवेचा डबा

दिवसभर मी दात करतो
स्नेहलतागंजात, डॉक्टरांनी धाडलेल्या मापांवर.
कुणाचा पिवळट, कुणाचा तंबाखूच्या कडेचा.
रंग जुळला नाही की दात परत येतो.

रात्री त्याच भिंगाखाली
बोटाच्या पेराएवढा तिरंदाज.
तीन केसांचा ब्रश. श्वास धरायचा
आणि डोळा टेकवायचा,
काढायचा नाही, टेकवायचा.
डावा जमतो. उजवा दर वेळी
जरा घाबरलेला होतो.

मुंगी (हे आडनाव; माणूस दाराएवढा)
म्हणतो, बरंय की,
लढाईत घाबरलेलाच असणार.
त्याचे सातही करडे, प्रायमरवर थांबलेले,
आणि दर रविवारी तेच जिंकतात.
इंच मोजायला तो टेप घेऊन वाकतो
तेव्हा माझी थर्माकोलची टेकडी
त्याच्या पोटानं सरकते.

डबा शेवेचा, पाच किलोचा.
फोममध्ये एकेकाची खाच मी ब्लेडनं कोरलेली.
कितीही धुतला तरी लवंग जात नाही:
झाकण उघडलं की सगळ्या सैन्याला
दुखऱ्या दाढेचा वास.

आठवी खाच कोरून ठेवलीय,
कुणासाठी ते ठरलं नव्हतं.
परवा शाल्मलीनं तिच्यात
स्वतःचा पडलेला दात ठेवला,
पहिला, दुधाचा, कापसात गुंडाळून.
मी तो भिंगाखाली धरला.
माझ्या शेडच्या पट्टीत हा रंगच नाही.

रविवारी मुंगीनं विचारलं, हा कोण?
म्हटलं, राखीव. हलवायचा नाही.
बरं, म्हणाला,
आणि टेप उलगडू लागला.