बूट स्वतःचे आणावेत

नारिनमध्ये माझी खोली औषधांच्या दुकानावर.
जिना अंधारा, पाटी स्पष्ट:
भाषांतर. शिक्का. पानाला दोनशे सोम.
अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांचे गुण
एका भाषेतून दुसरीत ओतते आहे,
दूध ओतावं तसं, थेंब न सांडता.

बेगीमाय आली फेब्रुवारीत,
कोटाच्या आत, पोटाशी धरलेले तीन गठ्ठे.
पहिला कझानचा, औषधनिर्माण.
तिथे मावसभाऊ आहे, खोली आहे, भाषा ओळखीची.
दुसरा बुसानचा, व्यापार व्यवस्थापन.
गुळगुळीत कागद, हसणाऱ्या मुली,
सगळ्यांचे दात एकाच कारखान्यातले.
तिसरा नॉर्वेतल्या कुठल्याशा गावाचा,
ज्याचं नाव मी तीनदा चुकीचं टाइप केलं.
विषय: पाणी आणि हिमनद्या.
शिष्यवृत्ती अर्धी. फोटो एकच, त्यातही धुकं.

“यातलं कुठलं घेऊ?”
मी म्हटलं, माझं काम शब्दांचं,
निवड पानाच्या भावात बसत नाही.
खोटं बोलले. मत होतं मला.
कझानला जा, म्हणणार होते.
मावसभाऊ ही लहान गोष्ट नव्हे,
परक्या गावात ताप चढला की कळतं.

मग तिसऱ्या गठ्ठ्याच्या नवव्या पानावर, अगदी तळाशी,
मुंगीएवढ्या अक्षरांत:
रबरी बूट स्वतःचे आणावेत. नदी थंड असते.

मी हसले. ती नाही.
“पुन्हा वाचा,” म्हणाली.
उज्ज्वल भविष्याचं आश्वासन दोघांनी दिलं होतं तिला,
पाणी कसं असेल ते
कुणी सांगितलं नव्हतं.

आठवड्याने बाप आला, एसेनबेक,
बिश्केकच्या रस्त्यावर व्हॅन चालवतो.
माझीच पानं माझ्यासमोर आपटली.
“अठराशे सोम घेऊन तू मला सांगतेस
की पोरगी नॉर्वेत जाऊन रान खुरपणार?”
बघितलं तर खरंच.
फील्डवर्कला मी ‘रानातलं काम’ लिहून बसले होते.
अकरा वर्षांत सांडलेला पहिला थेंब,
आणि तो नेमका याच्या मांडीवर.

मी समजावलं: नदीत उभं राहायचं.
पाणी किती चढलं, किती उतरलं,
मोजायचं. लिहून ठेवायचं.

तो बसला. टोपी गुडघ्यावर.
“पुलाखाली मी तेच करायचो.
सकाळी आठ, रात्री आठ. रंगवलेली पट्टी होती.
शहाण्णव साली ठाणं बंद झालं,
सांगायलाही कुणी आलं नाही.
मी पुढे दीड महिना मोजत होतो.”
मग, खिडकीकडे बघत:
“त्याला विद्यापीठ लागतं?”

मला चार भाषा येतात.
त्या दिवशी एकही आली नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा आला, निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन.
“हे अर्जाबरोबर जाईल का?”
पान उलटलं, आकडे. पुढचं पान, आकडे.
म्हटलं, आकड्यांचं भाषांतर नसतं.
“तरी कर.”

केलं. महिन्यांची नावं तेवढी होती,
आणि एका मार्चमध्ये, समासात, पेन्सिलीने:
आज बर्फ फुटला. ती माहेरून परत आली.
तेही केलं. शिक्का मारला.
पैसे नको म्हणाले, तर नोटा मोजून
टेबलाच्या कडेला ठेवल्या, वर पेपरवेट.

व्हिसाचं अजून काही आलेलं नाही.
बेगीमाय परवा जिन्यात भेटली.
बाजारात सदतीस नंबरचे रबरी बूट नाहीत म्हणे,
सगळे पुरुषांच्या मापाचे.
बापाचे जुने आहेत, बेचाळीस.
लोकरीचे मोजे दोन चढवले तर
चालता येतं, म्हणाली,
वळताना थोडं जपावं लागतं.