वायच

दोन सिलिंडरचं हेड गोणपाटात गुंडाळून
लवूनं पायरीवर आणून टेकलं.
कुत्र्यानं एकदा हुंगलं, आणि लांब जाऊन बसलं.
'निळो धूर मारता मामा,' लवू म्हणाला,
'घोटाघोटान तेल पिता.'
तारामुंबरीत सगळ्या होड्या वर ओढलेल्या,
बंदी उठायला तीन आठवडे.
मी व्हॉल्व्हची दांडी धरून हलवली.
खुट. खुट.
गाईडं घासली होती. चारही.

बावीस वर्षं जहाजावर तेलवाला होतो मी.
तिथं हेड उचलायला क्रेन लागायची,
व्हॉल्व्ह माझ्या मांडीएवढे.
इथं सगळा व्यवहार दोन थाऊंचा,
एका केसाच्या आतला.
आणि साखरेनं माझ्या बोटांची टोकं नेलीत.
चहाचा पेला भाजतोय
हे मला शालन सांगते.

तरी मांडलं.
न्हाणीच्या चुलीवर घमेलं, घमेल्यात पुळणीची वाळू
(गोड्या पाण्यात तीनदा धुतलेली, खार नको),
वाळूत हेड, खाली नारळाची सोडणं.
नवी गाईडं बिस्किटांच्या डब्यात,
बर्फात, जाड्या मिठात.
कारखान्यातला पोरगा हसला होता:
बंदीत बर्फ? कोणाला?
लोखंडाला, म्हटलं.

हेडवर थेंब टाकला. नाचत पळाला.
आता घाई.
भोक फुगलेलं आहे, गाईड आखडलेलं आहे,
दोघांचं जमेल ते एवढ्याच वेळात.
अर्ध्यावर थांबलात
तर तिथंच संसार.
पहिलं बसलं. बद्द, बद्द, मग टण्ण,
खांदा टेकल्याचा आवाज वेगळा असतो.
दुसरं बसलं.
तिसऱ्याला हातोडी अंगठ्यावर आली.
मला कळलंच नाही.
वाळूत पडलेलं रक्त शालनला दिसलं.

'सरा बाजूक.'

तिनं पदर खोचला.
उरलेली दोन तिनं बसवली, मी फक्त चिमट्यानं धरली.
हेड निवलं संध्याकाळी. मग रीमर.
उजवीकडेच फिरव, म्हटलं, बाहेर काढतानाही उजवीकडेच,
उलटा फिरवलास तर धार मरते.
'एकदा सांगलात,' ती म्हणाली.
चाळीस वर्षं जाळी विणलीत तिनं,
पट्टी न लावता डोळ्यांचं माप एकसारखं.
माझ्याकडे गेज नाही.

'बसता?'
'बसता. पण रुसान.'
आणखी अर्धा फेरा. फुंकर. तेलाचं बोट.
'आता?'
तिनं व्हॉल्व्ह वर धरून सोडला.
तो उतरला, सावकाश,
देवळाच्या पायऱ्या उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.
'आता आपल्या वजनान जाता.'
'आणि हलतो?'
'वायच.'

वायच म्हणजे किती, मी विचारलं.
जहाजावर असं उत्तर दिलं असतं
तर चीफनं मला समुद्रात टाकलं असतं.
ती जुन्या गाईडात जुना व्हॉल्व्ह घालून बघत राहिली,
मग नव्यात नवा.
'ह्यो दात पडूच्या आदी हलता, तसो हलता.
आणि ह्यो...'
तिला शब्द सापडेना.
नाकातली चमकी तिनं बोटानं फिरवली.
'असो.'

मी मान डोलावली.
तेवढं हलायलाच हवं. तेल कुठून जाणार नाहीतर?

रात्री सीटा घासल्या, हेड उलटं करून
पोर्टांत रॉकेल ओतलं, आणि निजलो.
म्हणजे ती निजली.
मी दोनदा उठून बॅटरी मारली,
काय दिसणार होतं.

सकाळी तीन कोरडे.
चौथ्याच्या कडेला किंचित ओल,
की पडवीतली हवाच, पावसाळ्यातली?
मी बोट लावलं. मला काय कळणार.
शालननं लावलं, हुंगलं,
पदराला पुसलं.
लवू दारात उभा, चप्पल न काढता.
'जाला?'

तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.
'ती पेस्टीची डबी,' मला म्हणाली,
'खंय ठेवलात?'