वरताळा

पर्वरीच्या तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
आम्ही कृतज्ञता आखतो आहोत.
शंभर रुपयांमागे एक गुण,
नव्वद दिवसांत वापरला नाही तर मेला.
नाणं सोन्याचं की नुसतं पिवळं,
यात गेला अख्खा मंगळवार.
पडताना ते वाजायला हवं, ऑस्विन म्हणतो,
आणि तोंडाने वाजवून दाखवतो: टिंग.

कुंकळ्येकर सरांच्या तक्त्यात एक रकाना आहे,
'न मागितलेले'.
तिथला आकडा फुगला की सर खूश.
"लोक विसरतात," ते म्हणतात,
"त्यावरच तर योजना उभी राहते."
मी मान हलवते.
पगार सात तारखेला होतो.

मग मला धाडतात म्हापशाला, शुक्रवारी,
ग्राहक समजून घ्यायला.
प्रश्नावली, टॅब, गळ्यात ओळखपत्र.
मासळीबाजारातलं पाणी चपलेत शिरतं.
पिएदाद तिसऱ्या मोजते आहे,
पाचापाचांनी, आकडे ओठांतल्या ओठांत.
शंभर झाल्या.
मग आणखी एक मूठ
न मोजता
पिशवीत.

"ही कशाबद्दल?"
ती टॅबकडे बघते, मग माझ्याकडे.
"वयली गो ती."
वरची.
आमच्या डिचोलीचे नारळवाले वरताळा म्हणायचे,
शेकड्याला चार.

किती खरेदीवर मिळते?
सगळ्यांना मिळते का?
वर्षभर कोणी फिरकलंच नाही, तर?
घासाघीस करणाऱ्याला ती जरा जास्तच घालते,
घरी जाऊन तो बायकोशी तरी भांडायचा नाही.
कुवेतला गेलेला एक जण सात वर्षांनी आला,
त्याला शिव्या घातल्या, आणि दोन मुठी.
"रितो हात फाटीं हाडूंक
बरें दिसना," एवढं बोलून
ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.
माझ्या टॅबवर पर्याय तीन:
हो. नाही. सांगता येत नाही.

सोमवारी मी नवा आराखडा मांडते.
नाणं नाही, चांदी-सोनं-प्लॅटिनमच्या पायऱ्या नाहीत.
कधीतरी, कारण न देता,
खात्यात थोडं वर.
"नियम काय?" कुंकळ्येकर सर.
"मर्यादा?" कायदेवाले.
"आणि एकाला मिळालं, शेजाऱ्याला नाही,
तर तक्रार कुठे करायची?"
हे मात्र खरं होतं.
हे पिएदादला विचारायचं राहिलं.
टेबलाच्या टोकाला ऑस्विन, अगदी हळू: टिंग.

पदरात पडलं ते एवढंच:
नव्वदाचे एकशेवीस झाले.
आणि शेवटच्या आठवड्यात धडधडणारं
ते लाल उलटं घड्याळ
मी काढून टाकलं, कोणाला न विचारता.
अजून तरी कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

योजना सुरू झाली त्या शुक्रवारी
पुन्हा गेले, फोनवरून पैसे दिले.
नाणं वाजलं.
"कितें तें?"
दोन गुण, मी म्हटलं. म्हणजे पन्नास पैसे.
एकशेवीस दिवसांनी मरतील.
ती हसेल असं वाटलं होतं.
तिने मान डोलावली,
नासणाऱ्या मालाची उभी हयात माहीतगार ती,
म्हणाली, "तर आयजूच रांद."
आणि टाकली वरची मूठ.

रात्री परातीत पसरून पाहिलं
विकतच्या कुठल्या, वरच्या कुठल्या.
सगळ्यांच्या पाठीवर त्याच रेघा,
तीच वाळू.
वाफ धरली तशी
एकेकीने तोंड उघडलं.
एक मिटलेलीच राहिली.
ती बाजूला काढली.
शंभरातली होती की वरची,
आता कोण सांगणार.