ताप

बंबाच्या शेडबाहेर एल्ड्रेड कूम्ब्सनं
आठ फुटी प्लायवूडची फळी उभी केली,
तिच्यावर थर्मामीटर रंगवला, माझ्या नावाचा.
तळाशी शून्य, टोकाला अकरा हजार डॉलर.
आणि गॅनेट्स आर्मला माझा ताप चढू लागला.

पहिल्या शनिवारी वाटाण्याचं सूप : चारशे बारा.
मेल्व्हिनाच्या जॅमची एकच बरणी
लिलावात तीनदा विकली गेली,
घेणारा पैसे मोजायचा आणि बरणी परत टेबलावर ठेवायचा.
पाइक बंधूंनी एका दिवसाचे लॉबस्टर दिले.
सहा वर्षांच्या क्लेमनं पडलेल्या दाताचे दोन डॉलर आणले,
सोबत दातही.
म्हणाला, लागलाच तर.

दर रविवारी एल्ड्रेड शिडीवर चढून लाल रंग वर सरकवायचा.
मी खाली, जुन्या खुर्चीत,
जी सरळ म्हटलं की डावीकडेच जायची.
थँक यू, थँक यू.
जिभेला घट्टे पडले.

समारंभात पाद्री उत्साहात म्हणाले,
आता आपली थर्झा स्वतःच्या पायावर उभी राहील.
हॉलमध्ये चमचासुद्धा वाजेना.
शेवटी मीच हसले,
तेव्हा कुठे बाकीच्यांना श्वास घेता आला.

एप्रिलात खुर्ची आली. बर्फामुळे फेरी दोन दिवस अडकलेली.
टाळ्या, फोटो, पुन्हा फोटो, कारण क्लेमनं डोळे मिटले होते.
आणि दुसऱ्या दिवसापासून :
कुठे निघालीस? टोपी घेतलीस? चार्ज आहे ना?
त्यांचं चुकत नव्हतं.
प्रत्येकाचा एकेक स्क्रू होता तिच्यात.

बावीस वर्षं माझा भाऊ गिडियन मला उचलून नेत आला.
त्याला ठाऊक नसलेली एकही जागा
मला ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

एका गुरुवारी मी माशांच्या बंद कारखान्यामागे गेले.
तिथे काही नाही. गंजलेली पिंपं,
किनाऱ्याला टेकून वितळणारा बर्फाचा तुकडा,
एक सीगल, माझ्यात अजिबात रस नसलेला.
चाळीस मिनिटं बसले.
परतले तर गिड दारात.
कुठे होतीस?
अशीच.
त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले,
बाजारातून रिकाम्या आलेल्या पिशव्यांसारखे.
वाईट वाटलं. तरी सांगितलं नाही.

मग पोस्ट. पोस्टाला दोन पायऱ्या.
त्यांच्यासाठी कुणी सूप उकळलं नव्हतं.
हेझल धावत बाहेर आली, दे, मी टाकते पत्र.
नको.
खुर्ची वळवली ती थेट एल्ड्रेडच्या अंगणात.
तुझी ती फळी दे.
ती तर आठवण म्हणून ठेवायची, थर्झा!
ठेव की. आडवी ठेव.

दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी खालून आडव्या पट्ट्या ठोकून,
वर वाळू घातलेलं वॉर्निश मारून घेऊन आला.

आता ती पोस्टासमोर पडलेली असते, लाल बाजू वर.
मी शून्यावर चाकं टेकवते.
चारशे बारा, सूपचा वास अजून येतो म्हणे काहींना.
सात हजारांपाशी फळी जरा वाकते, कुरकुरते,
तिथे मी वेग वाढवते.
अकरा हजारांवर दार.

पत्र कुणाला, ते विचारू नका.

दार बाहेरच्या बाजूला उघडतं
आणि मला मागे सरायला जागा नाही.
एल्ड्रेडला अजून सांगितलेलं नाही.