फेरपडताळणी

भवानी पेठेत चाळीस वर्षं मी काटे दुरुस्त करतो.
किराणावाल्यांचे, भंगारवाल्यांचे,
एकदा एका सोनाराचा, काचेच्या पेटीतला,
श्वास सोडला तरी हलायचा.
दरसाल साहेब येतात, मापं ठेवून बघतात,
शिशाच्या गोळीवर शिक्का ठोकतात.
शिक्का म्हणजे काटा खरा आहे असं नाही.
शिक्का म्हणजे, त्या दिवशी होता.

दंडावरची गाठ वाटाण्याएवढी.
दाबली की कळ यायची, थंडीत जास्त.
शकुन म्हणाली, चरबीची असेल.
मीही तेच म्हणत राहिलो, दीड वर्ष.

नाव डॉक्टर लोंढेबाईंनी कागदावर लिहून दिलं:
लायोमायोसार्कोमा.
फिरोजने दुकानात तीनदा वाचलं,
तिसऱ्यांदा जमलं.
कशापासून होतं हे? मी विचारलं होतं.
त्या म्हणाल्या, केसाच्या मुळाशी बारीकसा स्नायू असतो,
अंगावर काटा येतो ना, तो उभा करणारा.
तिथूनच निघाली असावी.
का, ते आम्हालाही सांगता येत नाही.

म्हणजे काटाच.
मला हसू आलं. त्यांना वाटलं, धक्का बसला.

काढली. भोवतीची चांगली चामडीही काढली.
कडा मोकळ्या आल्या.
कातडीतच होती, खाली उतरली नव्हती,
उतरली असती तर फुप्फुसाचं बोलणं निघालं असतं.
आता भीती एवढीच, की त्याच जागी परत यायची.

म्हणून दर चार महिन्यांनी रास्ता पेठेत,
फाइल कापडी पिशवीत, शर्ट खुर्चीच्या पाठीवर.
त्यांची बोटं व्रणावरून फिरतात
मी दांडीच्या धारेवरून फिरवतो तशी,
डोळे भलतीकडेच.
मग काख. मग छातीचा फोटो.
'काही नाही. चार महिन्यांनी या.'

किती वर्षं, असं एकदा विचारून बघितलं.
'असे पेशंटच कमी, काका. पक्का आकडा कुठून आणू?
पाच वर्षं येत राहा, मग बघू.'
पटलं मला.
दोन-तीन मापांवर कुठला काटा जुळतोय.

परवा पहाटे गीझर बंद.
पहिल्या तांब्याला सगळ्या दंडावर काटा उभा राहिला,
व्रण सोडून.
तिथं केस नाही, काही नाही, गुळगुळीत.
बोट फिरवलं, परत फिरवलं, पाणी ओघळत होतं.
बाहेरून शकुन: 'काय चाललंय एवढा वेळ?'
म्हटलं, शून्यावर आहे का बघतोय.