शिक्का

आधीच सांगते, मला ढोल आवडत नाहीत.
मी आपली फाटकाशी बसते,
किल्ल्याच्या पडक्या कमानीखाली,
आठ युरो घेते
आणि मनगटावर हिरव्या ड्रॅगनचा शिक्का मारते.

त्या शनिवारी मारले सहाशे अकरा.
दातांचे डॉक्टर हार्टविग आले टोकदार कान लावून.
मंगळवारीच त्यांच्या खुर्चीत मी तोंड वासून पडले होते,
आता ते म्हणाले, 'उत्तरेच्या वनातून आलोय.'
म्हटलं, या.
पोस्टातली मेख्टिल्ड आली जलपरी होऊन,
शेपटीसकट ढकलगाडीत बसून,
गाडी ओढून नवऱ्याचा चेहरा बीटासारखा.
पुठ्ठ्याच्या चिलखतातली दोन पोरं विचारत होती,
राक्षसांना सवलत आहे का?
नाही. राक्षसांनाही आठच.

ओर्टविन मात्र स्वतःच्याच कोटात येतो.
एकतीस वर्षं त्याने पाटीच्या खाणीत सुरुंग लावले,
सुरुंगांनी हळूहळू त्याचे दोन्ही कान नेले.
मनगट पुढे करतो, शिक्का नीट निरखतो,
आणि मंचाच्या डाव्या कठड्यावर
तळहात टेकून उभा राहतो.
दरवर्षी तीच जागा. तीच फळी.

साडेआठला शेवाळटोळी आली.
अंगभर शेवाळ, डोक्यावर मुळ्यांची शिंगं,
एकेक ढोल असा, की आत वासरू झोपावं.
पहिला ठोका पडला
आणि माझ्या गल्ल्यातली चिल्लर जागची हलली.
पुढे काय ते मला कमानीतून पाठमोरंच दिसलं:
सहाशे पाठी, आणि मग
पाठ एकच.

तिसऱ्या गतीत ओर्टविनने हात उचलला.
पुन्हा टेकला. कपाळाला आठी.
मग सरळ पायऱ्या चढून मंचावर गेला
आणि सगळ्यात धाकट्या राक्षसिणीपुढे,
त्या रूनहिल्डपुढे, उभं राहून
स्वतःच्या कोटाची बाही चिमटीत धरून
लोंबती करून दाखवली.

तिने ढोलावर अंगठा दाबला.
दव पडलं होतं. कातडं मळलेल्या कणकेसारखं.
ऐकणाऱ्या सहाशे जणांना जे कळलं नव्हतं
ते त्याच्या तळहाताला कळलं होतं.

ढोल लोहाराच्या पालात नेला,
जिथे दिवसभर पोरांसाठी किल्लीच्या कड्या ठोकल्या जात होत्या.
पाच शिंगाडे भुते भट्टीभोवती वाकली
आणि तान्ह्या बाळाला शेक द्यावा
तसा ढोल शेकू लागली, फिरवून फिरवून, हलक्या हाताने.

लोक आता जातील, मला वाटलं. सॉसेजची रांग लागेल.
कोणी हललं नाही.
आधी एका बाकावर एक टाच पडली,
मग प्याले, मग ढाली,
मग मेख्टिल्डची शेपटी ओल्या गवतावर सपासप.
हार्टविगांचा एक कान गळून पडला, त्यांना पत्ता नाही.
दोन जवळजवळ, एक लांब.
दोन जवळजवळ, एक लांब.
उतू जाणारं दूध धरावं तसा
त्यांनी तो ताल धरून ठेवला, सांडू दिला नाही.

ढोल परत आला. रूनहिल्डने एक ठोका दिला
आणि ओर्टविनकडे पाहिलं.
ओर्टविनने, कठड्यावर हात ठेवून, बराच वेळ घेतला.
मान हलवली: नाही.
ढोल पुन्हा भट्टीवर.
असं हसू मी या किल्ल्यात ऐकलं नव्हतं,
आणि हसतानाही पाय थांबले नाहीत कुणाचे.

दुसऱ्या खेपेला त्याने होकार दिला.
त्यानंतरचं मला विचारू नका,
मी पैसे मोजत होते.

सोमवारी मंडळाच्या खजिनदार बाई ऑस्टरलो
यांनी हिशेबाची वही उघडली.
शनिवारचं पान, त्याच्या मागचं,
आणि पावतीपुस्तकाचा पुठ्ठासुद्धा
हिरव्या ड्रॅगनांनी भरलेला,
दोन जवळजवळ, एक लांब,
दोन जवळजवळ, एक लांब,
थेट समासाबाहेर.

हे काय, त्यांनी विचारलं.
शाई गळत होती, मी म्हटलं.